कॉलरवरचा सुरवंट

मावशीचा पाय क्लचवर थडथड उडत होता आणि गाडी अजून सुरूसुद्धा झाली नव्हती. शेजारच्या सीटवर परीक्षक साहेब. मांडीवर टॅब, अंगात कडक कॉलरचा पांढरा शर्ट, आणि पाय ब्रेकवर. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला ब्रेक दोन असतात, एक शिकणाऱ्याचा, एक शिकवणाऱ्याचा. लायसन्सच्या परीक्षेला तो दुसरा ब्रेक साहेबांच्या पायाखाली. त्यांनी तो दाबला की खेळ खलास, नापास. आणि साहेब तो दाबायचेच. कुत्रं दिसलं, दाबला. सायकल दिसली, दाबला. एकदा तर समोरून त्यांचा मेव्हणा आला म्हणून दाबला, आणि नापास कोण, तर गाडी चालवणारी बिचारी. त्यांना सगळे ब्रेकसाहेबच म्हणायचे. अर्थात त्यांच्या पाठीमागे.

मावशीला त्यांनी आधी तीनदा नापास केलं होतं. तिन्ही वेळा एकाच कारणानं. मावशीला गाडी चालवता यायची, वळवता यायची, पण थांबवता यायची नाही. म्हणजे थांबायची, पण अशी गचका मारून थांबायची की आतल्या माणसाचे दात एकमेकांवर आपटावेत. स्कूलचे सर म्हणायचे, "मावशी, पाय घाबरतो तुमचा. तुम्ही नाही घाबरत, पाय घाबरतो." आता पायाला वेगळं कोण समजावणार?

आणि या वेळी नापास होऊन चालणारच नव्हतं. मावशी लॉन्ड्रीत इस्त्रीवर होती. जन्म उभं राहण्यात गेलेला, गुडघ्यांची पार वाट लागलेली. लॉन्ड्रीच्या गाडीवरचा ड्रायव्हर सोडून गेला तेव्हा मालक म्हणाला होता, लायसन्स आणा आणि गाडी घ्या, हॉटेलांच्या चादरी पोचवायच्या, बसून काम. पण त्यानं दिलेली मुदत उद्या संपत होती, मग तो दुसरा माणूस ठेवणार होता. बसून काम. हे दोन शब्द मावशी रोज रात्री गुडघ्याला तेल लावताना म्हणायची.

मागच्या सीटवर पार्लरवाली होती. तिची परीक्षा मावशीच्या नंतर. जाताना एकीनं चालवायची, येताना दुसरीनं, म्हणून साहेब दोघींना एकदमच घेऊन निघायचे. लायसन्सचा फोटो आजच काढतात असं पार्लरवालीला कोणीतरी सांगितलेलं, म्हणून ती लग्नाला निघाल्यासारखी नटून आली होती. फोटोत चष्मा नको म्हणून चष्मा पर्समध्ये. चष्म्याशिवाय तिला हाताच्या लांबीपलीकडचं जग म्हणजे नुसतं धुकं. म्हणून तिनं मोबाईलवर एक ॲप घेतलं होतं. कशाचाही फोटो काढायचा, आणि ते सांगणार हे अमुक देशातलं झाड, हा तमुक देशातला पक्षी, हा किडा. नंबर यायची वाट बघताना तिनं दिसेल त्याचे फोटो काढले होते. स्कूलच्या सरांना लांबून काढलं तर ॲप म्हणालं, शहामृग, मादी.

"आरशात बघणं झालं असेल तर मागे बसा," साहेब तिला म्हणाले. ती दोन सीटांच्या मधून डोकं घालून, आरसा आपल्याकडे वळवून चेहरा ठीकठाक करत होती. ती पटकन मागे सरकली. मावशीनं आरसा सरळ केला, देवाचं नाव घेतलं आणि गाडी काढली.

पहिला कोपरा नीट गेला. दुसरा पण. मावशीला जरा श्वास घ्यावासा वाटला, तेवढ्यात मागून तिच्या कानाशी कुजबुज आली. साहेबांच्या कॉलरवर काहीतरी आहे. काळं. केसाळ.

मावशीनं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. होतं. साहेबांच्या कानाच्या खाली, कॉलरच्या कडेला, करंगळीच्या पेराएवढं, वाकडं, काळंभोर, आणि केसच केस. खिडकीचा वारा लागला की ते केस हलायचे. सांगावं तर साहेब उडी मारणार, उडी मारली की ब्रेक दाबणार, आणि ब्रेक दाबला की इस्त्री. न सांगावं तर ते मानेवर चढणार. चावलं बिवलं आणि साहेब गेलेच, तर गेलेला माणूस लायसन्स देतो का, हा विचार तिच्या मनात येऊन गेला. तिची तिलाच लाज वाटली, पण विचार काही गेला नाही.

मागे पार्लरवालीनं फोटो काढला. ॲपमध्ये वाचून दाखवायची सोय होती, आणि गडबडीत तिचा अंगठा नेमका तिथेच पडला.

"अभिनंदन!" एक गोड बाई मोबाईलमधून बोलली. "तुम्हाला दक्षिण अमेरिकेतील अतिविषारी सुरवंट सापडला आहे. खात्री त्र्याऐंशी टक्के. कृपया स्पर्श करू नका."

साहेबांनी मान न वळवता विचारलं, "कुठे सापडला आहे?"

"तुमच्या कॉलरवर," पार्लरवाली म्हणाली.

मावशीला वाटलं, आता ब्रेक. पण साहेबांचा पाय ब्रेकवरून उचलला गेला आणि हवेतच राहिला. ते बर्फासारखे झाले. फक्त ओठ हलले. गाडी थांबवा, म्हणाले. मावशी थांबवणारच होती, पण गोड बाईचं अजून संपलं नव्हतं. हा सुरवंट धक्का बसल्यास आपले विषारी केस सोडतो, केस त्वचेत शिरल्यास रक्तस्राव थांबत नाही, असं तिनं वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्यासारखं सांगितलं.

"थांबवू नका," साहेब म्हणाले.

"नाहीच थांबवत. माझ्याच्यानं गचक्याशिवाय थांबतच नाही, साहेब. तुम्हाला माहितीये."

साहेबांना माहीत होतं. तीनदा त्यांनीच लिहिलं होतं.

आता आली का पंचाईत? थांबायचं नाही, गचका द्यायचा नाही, आणि रस्ता काही साहेबांच्या मालकीचा नाही. पुढे सिग्नल लाल. मावशीनं लांबूनच ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. गाडी मुंगीच्या चालीनं सरकत राहिली, मागचे हॉर्न मारमारून दमले, एक रिक्षावाला बाजूनं जाताना नको ते बोलून गेला, आणि गाडी पोचायला आणि सिग्नल हिरवा व्हायला एकच गाठ पडली. पुढे स्पीडब्रेकर. मावशीनं तो असा घेतला, जणू गाडीत अंड्यांच्या टोपल्या आहेत. साहेबांनी डोळे मिटले होते. त्यांच्या कपाळावरून घामाचा ओघळ निघाला, पण पुसायचा कसा, हात हलवला की खांदा हलतो आणि खांदा हलला की कॉलर.

मग डावं वळण आलं. गाडी डावीकडे वळली तशी साहेबांची मान उजवीकडे कलली आणि कॉलरची कड कानाला टेकता टेकता राहिली. साहेबांच्या तोंडून उंदरासारखा आवाज आला. डावीकडे नको, उजवीकडेच वळा, म्हणाले. आता नुसतं उजवीकडे वळत राहिलं तर माणूस कुठे जाणार? मावशी त्याच चार रस्त्यांना गोल गोल फिरायला लागली. कोपऱ्यावरचा किल्ल्या बनवणारा पहिल्या फेरीला बघत होता, दुसऱ्या फेरीला उठून उभा राहिला, आणि तिसऱ्या फेरीला त्यानं बाजूच्या टपरीवाल्यालाही बोलावून आणलं.

पार्लरवालीचं मागून चालूच होतं. खात्री करून घ्यावी म्हणून तिनं दुसरा फोटो काढला. ॲप म्हणालं, आफ्रिकेतला पतंग, बाल्यावस्था. तिसरा काढताना गाडी वळत होती. ॲप म्हणालं, थंड समुद्रातलं शेवाळ.

"शेवाळ कॉलरवर कसं येईल?" साहेब डोळे मिटूनच म्हणाले. आवाजात जरा आशा होती.

"तेच म्हणते मी. म्हणजे सुरवंटच."

साहेबांचा चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा झाला. मुलाला फोन लावून द्या, म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, नको, घाबरेल. मग हळूच विचारलं की रक्त थांबत नाही म्हणजे अजिबातच थांबत नाही का. ज्या माणसानं सगळ्यांना घाम फोडला तो असं लहान मुलासारखं विचारतोय, हे बघून मावशीला कसंतरीच झालं. तिच्याही हातांना घाम सुटला होता. एवढी वर्षं तापलेली इस्त्री हातात धरली पण हात कधी असा ओला झाला नव्हता. मागून ट्रक येतोय का बघायला तिनं आरशात नजर टाकली.

आरशात ट्रक नव्हता. पार्लरवालीचं तोंड होतं. ती घाबरून एकदम पुढे आली होती आणि डोळे फाडून बघत होती. एक डोळा टपोरा, नटीसारखा, वर काळ्याभोर पापणीचा पंखा. आणि दुसरा डोळा साधा, बारका, सकाळी उठल्या उठल्या असतो तसा.

मावशीनं साहेबांच्या कॉलरकडे बघितलं. परत आरशात बघितलं. परत कॉलरकडे.

आतून हसू असं उसळलं की तिनं गालाचा आतला भाग चावला. खोटी पापणी. मघाशी दोन सीटांच्या मधून डोकं घातलं होतं बयेनं, तेव्हाच गळली असणार. आणि हिला चष्म्याशिवाय स्वतःची वस्तू दिसेना, म्हणून दक्षिण अमेरिकेपर्यंत जाऊन आली.

मावशीचं तोंड उघडलं होतं सांगायला. खरंच उघडलं होतं. पण मग तिनं साहेबांकडे बघितलं. आत्ता सांगितलं तर हा माणूस आधी लाल होणार, मग पाय खाली ठेवणार, मग ब्रेक दाबणार, आणि मग टॅबवर नापासाचं लाल बटण. आपण घाबरलेलं बघणाऱ्याला साहेब लोक माफ करत नाहीत. मावशीनं तोंड मिटलं. आणि गंमत म्हणजे, तिचा पाय उडायचा थांबला होता. तिच्या आता लक्षात आलं, पाय रस्त्याला घाबरत नव्हताच कधी. शेजारच्या सीटला घाबरत होता.

"साहेब," ती म्हणाली, "मी गाडी कडेला घेते आणि चिमट्यानं अलगद उचलते. हिच्याकडे भुवयांचा चिमटा असेल."

"गचका बसेल."

"बसणार नाही. पण माझे हात थरथरतात ना."

"मग थरथरू देऊ नका."

"निकालाच्या धास्तीनं थरथरतात, साहेब. परत इस्त्रीवर जायचं या भीतीनं. ती धास्ती गेली की हात दगडासारखे."

साहेबांनी एक डोळा उघडून तिच्याकडे बघितलं. काहीतरी बोलायचं होतं त्यांना, नियमाबियमाचं. पण खिडकीतून वारा आला, कॉलरवरचे केस हलले, आणि पार्लरवाली मागून ओरडली की तो मानेकडे सरकतोय. साहेबांनी मान न हलवता, नुसत्या बोटानं चाचपून टॅबवरचं हिरवं बटण दाबलं. टिंग असा आवाज झाला. पास.

मावशीनं गाडी कडेला घेतली. एक टेम्पो आणि एक दूधवाल्याची गाडी यांच्यामधल्या जागेत उलटी घातली आणि थांबवली. गाडी कधी थांबली हे कळलंसुद्धा नाही. किल्लीवाल्यानं तिकडून टाळ्या वाजवल्या. मग तिनं चिमटा घेतला, श्वास रोखल्याचं नाटक केलं, ते काळं केसाळ प्रकरण कॉलरवरून उचललं आणि खिडकीबाहेर लांब फेकलं.

साहेब सीटवर वितळल्यासारखे झाले. घाम पुसला. मान इकडून तिकडे फिरवून बघितली, आहे का जागेवर. मग, जीव वाचला की माणूस जरा मऊ होतो तसे ते मऊ झाले आणि पार्लरवालीचे आभार मानायला मागे वळले.

आणि तसेच राहिले.

टपोरा डोळा. बारका डोळा. टपोरा डोळा. साहेबांची नजर एकावरून दुसऱ्यावर जात होती. पार्लरवालीला काय ते कळेना, ती नुसती पापण्या फडफडवत होती, म्हणजे एकच. साहेबांचे कान आधी गुलाबी झाले, मग लाल, मग वांग्याच्या रंगाचे. ते वळले, सरळ बसले आणि टॅब हातात घेतला.

आता खरी भीती. साहेबांनी तिचं नाव उघडलं, निकाल बदला असं जिथे होतं तिथे दाबलं, आणि एक चौकट उघडली. मावशीला शेजारून स्पष्ट दिसत होतं. निकाल बदलण्याचं कारण लिहा. लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

साहेबांनी लिहिलं, उमेदवाराने. पुसलं. लिहिलं, परीक्षकाला सुरवंट. पुसलं. मग बराच वेळ बोट हवेत. मग लिहिलं, पापणी. तो शब्द त्या चौकटीत एकटाच बसला होता. साहेब त्याच्याकडे बघत राहिले. हे वरच्या ऑफिसात कोण वाचेल, कोण कोणाला वाचून दाखवेल, चहाच्या वेळी काय होईल, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून सरकत गेलं. त्यांनी तेही पुसलं.

मागे पार्लरवालीचा हात सहज डोळ्याकडे गेला, आणि तिचं तोंड उघडलं. मावशीनं आरशातून तिच्याकडे असं बघितलं की ते मिटलं.

"मावशी," साहेब समोरच्या काचेकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "मोठा होता ना हो?"

"चांगला मोठा होता, साहेब," मावशी म्हणाली. "आणि रागीट वाटत होता."

साहेबांनी मान डोलवली. टॅब बंद केला.

"आफ्रिकेतला असेल," ते म्हणाले.

"नाही, साहेब. दक्षिण अमेरिकेतला. त्र्याऐंशी टक्के."