ब्रेकमधली हवा

फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेल्या माणसानं ब्रेकमधली हवा काढायला गॅरेजला जावं? छे! ऑईलवर दाब दिला की तो थेट चाकापर्यंत पोचतो. मध्ये हवा शिरली की ती नुसती दबत राहते आणि पेडल उशीसारखं खाली जातं. एवढंच तर आहे!

निकडही होतीच. दुसऱ्या दिवशी पूजावहिनीची सुप्याच्या कारखान्यात मुलाखत. गावातून सुप्याला थेट एसटी नाही, ती नगरहून धरावी लागते. दादा ड्युटीवर. गाडी वहिनीच चालवणार.

"वहिनी, तुम्ही पेडल दाबून धरा. मी चाकामागचा नट सैल करतो, हवा बाहेर पडली की आवळतो. मी 'सोडा' म्हणेपर्यंत पाय काढायचा नाही. नाहीतर हवा उलटी आत!"

"कळलं, भावजी."

मी गाडीखाली शिरलो. पारदर्शक नळीतून बुडबुडे बाटलीत उतरू लागले. काय देखणं दृश्य! इतक्यात सगळे बुडबुडे माघारी पळाले.

"वहिनी! पाय काढलात?"

"थोरले मामंजी आले ना!"

म्हणजे माझे चुलते, आबासाहेब. ते समोर असताना सून बसून राहणार कशी?

"काय चाललंय रं?"

"हवा काढतोय, आबा."

"काढा, काढा," म्हणत आबा गोठ्याकडे गेले. वहिनी बसल्या. बुडबुडे निघाले. आबा परतले. वहिनी उठल्या.

"निगाली का हवा?"

"निघत होती!"

पेडल जितकं मऊ होई तितकी आबांची काळजी वाढे, आणि काळजी वाढली की त्यांच्या फेऱ्या वाढत! निरीक्षण म्हणून फार रंजक. मुलाखतीच्या दृष्टीनं घातक. पण 'आबा, इकडं येऊ नका' म्हणायची छाती कोणाची?

मग शास्त्रीय तोडगा सुचला. ज्याला कोणासाठीच उठावं लागत नाही, तोच पेडलवर हवा!

"आबा, तुम्हीच बसा."

"मला जमंल व्हय?" म्हणेपर्यंत आबा टोपी सावरून बसलेसुद्धा. पाय असा रोवला की जणू उतारावर उसाची बैलगाडी अडवलीय! नळीतून ऑईलची नितळ धार लागली. एकही बुडबुडा नाही. आता फक्त नट आवळायचा...

फाटकाशी रिक्षा थांबली.

"कोन हाय का घरात?"

जामखेडच्या रंगुबाई! आबांची थोरली बहीण!

"आक्का!" आबा ताडकन उठले. नळीनं घटाघटा हवा प्यायली.

'आबा, पाय!' असं मी ओरडणार होतो. पण आत्याचा आवाज ऐकताच माझंही शरीर मला न विचारता उठलं. गाडीखाली! डोकं धाडकन गाडीच्या बुडाला आपटलं, बाटली अंगावर उपडी झाली. तसाच निथळत बाहेर आलो आणि पाया पडलो.

"बघ आबा," आत्या गहिवरल्या, "निजल्या जागंवरनं उठून आलं पोरगं. लई वळण हाय!"

वहिनीही पाया पडल्या आणि उठता उठता मला हळूच म्हणाल्या, "भावजी, सकाळी नगरला दुधाचा टेम्पो किती वाजता जातो?"