ताई कशानं गेल्या?

नगाऱ्याच्या घरात दोन दिवसांपासून शांतता होती, आणि त्यामुळे शेजाऱ्यांना चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. नगारा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तो तक्रारींच्या फोनवर बसायचा. नळ कोरडा म्हणून शिव्या द्यायला फोन करणारा माणूस त्याचा खर्जातला ‘बोला’ ऐकला की एकदम मऊ व्हायचा आणि "साहेब, जमलं तर बघा," म्हणून फोन ठेवून द्यायचा. कचेरीतल्यांनी त्याला नगारा म्हणायला सुरुवात केली. पुढे पुढे बायकोही चिडली की तेच म्हणू लागली.

आता मात्र त्याच बायकोनं त्याला मौनात बसवलं होतं.

"तोंड उघडू नका," ती बजावत होती. "काय बोलायचं ते तिथं माइकपुढं बोला. गुळण्या झाल्या? मग परत करा. आणि तिथं खाकरू नका, घाणेरडी सवय आहे तुम्हाला."

"पण मी—"

"बोललात! बोललात की नाही?"

प्रकरण असं होतं, की गावातल्या निम्म्याअधिक लिफ्ट ज्या कंपनीच्या, तिला नवा आवाज हवा होता. मजला सांगायला, दरवाजा बंद होतोय म्हणून बजावायला. आवाजाखेरीज देवानं नगाऱ्याला दिलं होतं काय? उंची बेताची, डोक्यावरचे केस बेताचे आणि बढतीचं नाव तर काढायलाच नको. जन्मभर दुसऱ्यांची रड ऐकून घेतली, आता एकदा तरी लोकांनी आपल्याला ऐकावं, एवढंच त्याचं मागणं होतं. आजची चाचणी हुकली, तर पुन्हा जन्मात अशी संधी येणार नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं आणि बायकोलाही.

पण जागा कोणाची, तर ताईंची! ताईंचा आवाज माहीत नाही असा माणूस शोधून सापडला नसता. नगारा लहान होता तेव्हा त्या रेडिओवर भुताच्या गोष्टी सांगायच्या. त्या ऐकून तो पार लग्न होईपर्यंत रात्री एकटा मोरीत गेला नाही. मग ताई लिफ्टमध्ये आल्या, बँकेच्या फोनवर आल्या, दवाखान्यात नंबर पुकारू लागल्या. माणूस पोट दुखतं म्हणून ताईंच्या आवाजात वर जायचा, आणि नशीब खोटं असलं तर ताईंच्याच आवाजात खाली यायचा. त्यांना पाहिलं मात्र कोणीच नव्हतं. कोणी म्हणे त्या परदेशात असतात. कोणी म्हणे छे, त्या कधीच वारल्या, नुसता आवाज मागे राहिलाय.

सकाळची वेळ होती. कंपनीच्या इमारतीत नगारा पोचला तेव्हा लिफ्टपुढं हीऽऽ गर्दी. दार उघडताच लोंढा आत घुसला आणि त्यात नगाराही ढकलला गेला. ‘दरवाजा बंद होत आहे,’ ताई छतातून म्हणाल्या, आणि त्याच्या अंगावर लहानपणीचा काटा आला. चौथ्या मजल्यावर सगळी गर्दी उतरली. नगाऱ्यानं समोरच्या आरशात फक्त आपल्या डोक्याकडं बघत भांग नीट केला. आता आपण एकटेच, म्हणून त्यानं घसा मोकळा केला आणि तालीम सुरू केली. "घाबरू नका. मदत येत आहे." वा! लिफ्टच्या भिंती घुमल्या. "नववा मजला!"

तेवढ्यात खाडकन आवाज झाला, लिफ्ट गचका खाऊन थांबली आणि दिवा गेला. पंखाही गेला. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार.

"घाबरू नका," ताईंचा आवाज आला. "मदत येत आहे."

नगाऱ्याला हायसं वाटलं. चला, यंत्र तरी चालू आहे.

"आणि घाम पुसा," ताई म्हणाल्या.

नगाऱ्याचा हात खिशातल्या रुमालापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. वीज नाही, पंखा नाही, दिवा नाही. मग बोलतंय कोण?

"को... कोण आहे?"

"रोज ऐकता की मला. ओळखलं नाहीत? आपण वर चाललो होतो."

"व... वर?"

"वर. सगळ्यांनाच जायचं असतं. काहीजण मध्येच अडकतात, मी अडकले तशी." आवाज अगदी कानामागून येत होता. "घरी कोण असतं?"

"बा... बायको."

"तिला सांगून निघालात ना? मग बरं केलंत. कशासाठी आला होता इथं?"

खोटं बोलायची ताकद नगाऱ्यात उरली नव्हती. "तु... तुमच्या जागी."

नुसता कोणाचा तरी श्वास ऐकू येत होता, आणि तो नगाऱ्याचा नव्हता, कारण त्याचा केव्हाच अडकला होता.

"माझ्या जागी?" आवाज हळूच म्हणाला. "मग या ना. जागा आहे इथं. असे इकडे, कोपऱ्यात या."

आणि एक बर्फासारखा गार हात नगाऱ्याच्या मनगटावर पडला.

त्यानं बोंब मारायला तोंड उघडलं. आवाजच निघाला नाही. हातातली पिशवी डोक्यावर ओढून तो खाली बसला आणि डोळे गच्च मिटून घेतले. लिफ्ट कधी हलली, मध्ये दार कधी उघडलं, कोणाची पावलं वाजली, काही म्हणता काही त्याला उमजलं नाही. "नववा मजला," छतातून ताई म्हणाल्या, तसा तो रांगतच बाहेर पडला.

समोर टेबलामागं एक बाई बसल्या होत्या.

"अहो, काय झालं? बरं नाही का वाटत?"

"ता... ताई..." एवढंच नगाऱ्याच्या तोंडून फुटलं.

"कोण, आपल्या आवाजाच्या ताई?" टेबलामागच्या बाईंचा चेहरा पडला. "अहो, त्या गेल्या."

"गे... गेल्या?"

"गेल्या ना. फार वाईट वाटलं सगळ्यांना. पण कधी ना कधी हे व्हायचंच होतं."

"क... कशानं गेल्या?"

"कशानं म्हणजे? लिफ्टनं!"

नगाऱ्यानं टेबलाची कड घट्ट धरली. "शे... शेवटी काही बोलल्या?"

"हो, म्हणाल्या, मी परत येईन. चला तुम्ही, साहेब खोळंबलेत."

साहेब भला माणूस होता. त्यानं कानाला हेडफोन लावला, नगाऱ्याला माइकपुढं बसवलं आणि पाणी दिलं. "सोपं आहे हो. समजा, लिफ्ट अडकली आहे, अंधार आहे, लोक घाबरले आहेत. त्यांना धीर द्यायचा. म्हणा बघू, ‘घाबरू नका.’"

नगाऱ्याची बोबडी वळली ती वळलीच. "घ... घ... घाब..." आणि पुढं मांजरीच्या पिल्लाच्या शेपटीवर पाय पडावा तसं काहीतरी निघालं. साहेबानं पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा तेच. शेवटी त्यानं हेडफोन काढून ठेवला.

"राग मानू नका," तो म्हणाला, "पण लिफ्ट असं बोलली तर माणसं उड्या टाकतील."

झालं, संपलं सगळं. टेबलामागच्या बाईंनी लिफ्टकडे बोट दाखवलं, तर नगाऱ्यानं जोरजोरात मान हलवली आणि जिना धरला. बायकोला काय सांगायचं? भुतानं दातखीळ बसवली म्हणून? डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पुसत तो पहिल्या वळणावर आला आणि थबकला. पायरीवर एक ठेंगणीशी म्हातारी मांडीवर पिशवी घेऊन गोळी चघळत बसली होती.

"झाली चाचणी?" तिनं विचारलं. तोच आवाज!

नगारा होता तिथंच मटकन खाली बसला.

"अहो, जिवंत आहे मी. हवं तर चिमटा काढून बघा. मला नाही, स्वतःला."

"पण त्या म्हणाल्या," नगारा कुजबुजला, "की तुम्ही गेलात."

"गेलेच होते. ‘ताई, आता तुमचा आवाज नको,’ म्हणाले इथले लोक, तशी निघाले. खाली उतरणार, तर तुम्ही सगळे टोळधाडीसारखे आत! मला कोपऱ्यात चेपलंत, कोणी वळून बघितलंसुद्धा नाही. मग आले फुकटात परत वर. आठव्यावर दार उघडलं तेव्हा उतरले."

आता मात्र नगाऱ्याला संताप आला. "मग अंधारात ते तसलं कशाला बोललात? माझं वाटोळं झालं ना इथं!"

"आधी धीरच देत होते. पण तुम्ही कशाला आलात ते सांगितलंत, आणि तुमची तालीम तर मी ऐकलीच होती. काय आवाज आहे हो तुमचा! चांगला आहे म्हणून तर घाबरवलं. भिकार असता तर पाठीवरून हात फिरवला असता."

अख्खं गाव जिला ऐकतं, ती बाई त्याच्या आवाजाला घाबरली होती. इतक्यात पलीकडून लिफ्टचा आवाज आला, ‘दरवाजा बंद होत आहे.’ पायरीवरच्या ताईंचे ओठ हलले नव्हते. नगाऱ्याच्या अंगावर पुन्हा शहारा आला, आणि ताईंनीही पदर खांद्यावरून घट्ट लपेटून घेतला.

"मलाही भीती वाटते हो तिची," त्या म्हणाल्या. "मी थकले, ती तशीच आहे. तिचं सगळे ऐकतात, आणि मला ‘बाई, सरका’ म्हणतात. पण ती गेली की मी कुठली उरणार? कोणाला माहीत आहे मी?"

नगाऱ्याचा राग कुठल्या कुठे गेला. एवढं त्याला पुरेपूर कळत होतं.

"हात द्या जरा," ताई म्हणाल्या. "वर जायचंय."

"व... वर?"

"साहेबांकडं हो! त्यांना आवाज हवाच आहे ना अजून?"

गार हात हातात घेऊन नगाऱ्यानं त्यांना एक एक पायरी चढवलं. दारही त्यानंच उघडून धरलं. साहेब समोरच उभा होता, तो लगबगीनं पुढं आला.

"ताई! बरं झालं आलात, फार अडचणीत आहे मी."

"का हो?" ताईंनी विचारलं. "हे गृहस्थ आले होते ना? यांना नाही घेतलंत?"

"कसं घेणार? माणसाला आवाजच नाही."

"अरेरे!" ताई हळहळल्या, आणि त्या इतक्या मनापासून हळहळल्या की नगाऱ्यालासुद्धा घटकाभर खरं वाटलं.