वहबाच्या मरणाची ना-हरकत

बखीतच्या कहवाखान्यातल्या पडद्यावर वहबा मेला की त्याची आई सित्तुहुम घरी जाऊन चुलीवर बिनसाखरेची कॉफी चढवायची. मयताच्या घरी कडू कॉफी द्यायची ही त्या मुलखाची रीत, आणि मयत स्वतः ओट्यावर बसून टरबुजाच्या बिया सोलत असला तरी रीत ती रीत. शेजारीपाजारी येत, घोट घेत, तोंड वाकडं करत आणि तिकडच्या पद्धतीप्रमाणे म्हणत, "त्याचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो." वहबाही मान तुकवून म्हणे, "तुम्हालाही." आपल्या मयताला आलेल्या माणसांना फाटकापर्यंत सोडायला जाणारा असा दुसरा गृहस्थ नाइलच्या दोन्ही काठांवर नव्हता.

नाइलच्या पश्चिम काठावर मेलेल्यांची वस्ती फार जुनी. जिवंत माणसं मागाहून आली, ती मेलेल्यांच्या जिवावर जगायला. कुणी थडगी दाखवून जगतो, कुणी थडग्यांतल्या दगडी मांजरींच्या नकला विकून. वहबाच्या घराण्याने मात्र सरळ मरायचाच धंदा धरला होता. प्राचीन राणीचा शाप, उघडलेलं थडगं आणि पटापट मरणारी माणसं असा चित्रपट काढायला दर हंगामात कुणी ना कुणी येई, आणि अशा चित्रपटात थडग्याचं दार ढकलणारा गावकरी सर्वांत आधी मरतो, हा नियम राणीपेक्षाही जुना. वहबाचा आजोबा मूकपटांत मेला. त्याची किंकाळी अख्ख्या पंचक्रोशीत नावाजलेली होती, पण ती जगाला ऐकू आली नाही. बाप रंगीत चित्रपटात मेला तेव्हा रक्त खरोखर लाल निघतं का ते पाहायला सगळा गाव नावेत बसून लक्सरला गेला होता. वहबाला विंचू चावले, दगड लागले, भिंतींनी गिळलं. पण मध्यंतरापर्यंत तो कधी पोचला नाही.

"सगळ्यांची पोरं दुबईत जाऊन मोठी होतात," सित्तुहुम म्हणायची. "माझं पोरगं मरून मोठं झालं."

"कलेत माणसाला मरावंच लागतं, यम्मा."

"मग जरा उशिरा मर. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. अंधार पडायच्या आत एकदा तरी सिनेमा संपेस्तोवर जगून दाखव. परत कॉफी उकळायची माझ्यात ताकद नाही."

वहबाने तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. आणि योग असा, की त्याच हंगामात कैरोहून नाझमी नावाचा दिग्दर्शक आला. त्याच्या कथेत इंग्रज विद्वान, त्याची बायको, डॉक्टर, सरकारी निरीक्षक आणि फोटोग्राफर असे पाच जण राणीच्या शापाने एकेक करून मरायचे. थडग्याचा राखणदार तेवढा जगायचा. शेवटी तो दार लोटून घ्यायचा आणि म्हणायचा, "मी सांगितलं होतं." राखणदार म्हणजे वहबा. मरायचं नाही, वर बोलायचं. पिढ्यान्‌पिढ्यांत असं झालं नव्हतं. वहबा ते वाक्य गाढवावर बसून जाता-येता घोकू लागला. गाढवालाही ते पाठ झालं असतं, पण त्याला कुणी भूमिका दिलेली नव्हती.

आता, शाप कितीही प्राचीन असला तरी परवाना चालू वर्षाचा लागतो. नाझमी वहबाला बरोबर घेऊन लक्सरच्या कार्यालयात गेला. पुरातन शाप व तत्सम दृश्ये या विभागाच्या प्रमुख मादाम इक्बाल यांनी कथा मन लावून वाचली होती. त्यांना ती आवडलीही होती.

"शापाला आमची हरकत नाही," त्या म्हणाल्या. "शापाचा परिणाम होता कामा नये."

नाझमीने घाम पुसला. "मादाम, भयपट आहे. कुणीतरी मरायला पाहिजे."

"कोण?"

"इंग्रज विद्वान."

"तो नियमाने पर्यटक धरला जातो. पर्यटक मेला की पुढच्या हंगामाची हॉटेलं मेली. पुढे."

"त्याची बायको तरी?"

"खरेदी कोण करतं, बायकोच ना? तिला तर जास्त जपायचं."

"बरं, मारत नाही. नुसतं पोट बिघडवतो."

मादाम इक्बालांचा चेहरा उतरला. "आपल्या गावात पर्यटकाचं पोट बिघडतं, हे तुम्ही पडद्यावर दाखवणार? त्यापेक्षा मेलेला बरा. पण तो मरायचा नाही, हे आत्ताच ठरलं."

डॉक्टरांच्या संघटनेचा विरोध त्यांनी आधीच गृहीत धरला होता. फोटोग्राफरची भूमिका वरच्या साहेबांचा भाचा करणार असल्याने ते मरण आपोआप निकालात निघालं. राहता राहिला सरकारी निरीक्षक.

"निरीक्षक कामाच्या वेळेत थडग्यात हजर होता, असं लिहिलंय तुम्ही," मादाम म्हणाल्या. "प्रेक्षक शापावर विश्वास ठेवतील, यावर ठेवणार नाहीत. शिवाय कर्तव्यावर मेला तर चौकशी लावावी लागते. सिनेमा संपेल, चौकशी संपायची नाही. आणि हो, राणीचं नावही काढा. सुसंस्कृत बाई होती, लोकांना मारत सुटायला ती काय अडाणी होती?"

"मग शाप देणार कोण? मरणार कोण?"

"ते आम्ही कसं सांगणार, नाझमी बाशा? ज्याच्याबद्दल कुठल्याही कार्यालयाची हरकत येणार नाही, असा माणूस काढा."

वहबा त्या वेळी मादामांच्या चहात पुदिना टाकत होता. सगळे आपल्याकडे पाहताहेत हे त्याला जरा उशिरा कळलं.

"हे कोण?"

"गावकरी आहे."

"पर्यटक?"

"नाही."

"सरकारी नोकरीत?"

"नाही."

"संघटना वगैरे?"

"आहे ना, मादाम," वहबा म्हणाला. "पण सगळे सभासद मेलेले असतात, म्हणून बैठक भरत नाही."

मादाम इक्बाल मोकळेपणाने हसल्या. इतका अडचण नसलेला माणूस त्यांच्या टेबलासमोर बऱ्याच दिवसांत आला नव्हता. त्यांनी पाचही मरणं एकाच इसमाच्या नावे वर्ग केली. शाप देण्याचं कामही स्थानिक रोजगाराच्या दृष्टीने त्यालाच दिलं. म्हणजे वहबाने स्वतःला शाप द्यायचा आणि स्वतःच मरायचं, पाच खेपा.

"पण एकच माणूस पाच वेळा कसा मरेल?" नाझमीने विचारलं.

"दर वेळी झग्याचा रंग बदला. पर्यटकांना आपण सगळे सारखेच दिसतो."

वहबाने चहाचा पेला हळूच खाली ठेवला. "मादाम, मला यंदा जगायचं होतं. आईला शब्द दिलाय."

"मग जगा की. कोण अडवतंय?" मादाम मायेने म्हणाल्या. "दोन मरणांच्या मधे जगा."

परतीच्या नावेत नाझमीने त्याची समजूत घातली. "हे बघ, पहिल्या प्रसंगापासून शेवटच्या प्रसंगापर्यंत तू आहेस. अशी भूमिका तुझ्या बापाला तरी मिळाली होती का?"

"आणि माझं वाक्य?"

"ते निरीक्षकाला दिलं. मरत नाही म्हटल्यावर त्याला काहीतरी काम नको का?"

वहबाने नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच्या मनात आलं की आपलं तोंड पाच मरणांत पाच वेळा जवळून दिसणार. ते त्याने मिटून घेतलं. घरी जाऊन आईला म्हणाला, "या खेपेला शेवटपर्यंत आहे मी." हे खोटं नव्हतं. सरकारी कागदांवरची विधानं जशी खोटी नसतात, तसंच ते.

चित्रपट गावात आला तेव्हा बखीतने कहवाखान्याच्या भिंतीवर स्वच्छ चादर ताणली. सूर्यास्ताची, मगरिबची नमाज उरकून गाव जमला. सित्तुहुमला पुढे बसवलं, शेजारी वहबा. सुरुवातीलाच पांढऱ्या झग्यातल्या वहबाला विंचू चावला आणि तो तडफडून मेला. सित्तुहुम सवयीने गुडघ्यांवर हात टेकून कॉफीसाठी उठली.

"बस, यम्मा. येतोय मी."

आणि खरंच आला, निळ्या झग्यात. म्हातारीने चादरीकडे डोळे बारीक करून पाहिलं. "उठला," ती म्हणाली. मग त्याच्यावर दगड पडला. बखीतने रिवाज म्हणून बिनसाखरेची कॉफी गाळलीच होती, तोवर वहबा तपकिरी झग्यात पुन्हा उभा. बखीतने किटली परत विस्तवावर ठेवली आणि म्हातारीला विचारलं, "हाज्जा, आता साखर घालू की नको?"

"थांब जरा. पोरगं काय ठरवतंय बघू."

तिसऱ्या मरणाला ती घाबरली नाही. चौथ्याला तिने शेजारणीला कोपराने ढोसलं, "बघ हं, आता उठतो." बापजाद्यांनी मरून जे कमावलं नव्हतं ते पोराने कमावलं, असं तेज तिच्या तोंडावर आलं. ते पाहून वहबाला वाटलं, फिटला आपला शब्द.

पाचव्या वेळी तो थडग्याच्या आत पडला. दार लागलं. निरीक्षक धूळ झटकत म्हणाला, "मी सांगितलं होतं." नावं सरकली, चादर पांढरी झाली, माणसं चपला शोधू लागली. सित्तुहुम जागची हलली नाही.

"चल, यम्मा. संपलं."

"असं कसं संपेल? उठायचाय अजून."

"यम्मा, मी इथे आहे. हा बघ, हात लाव."

तिने हात लावला. नाक चाचपलं, कान चाचपले. "तू आहेस, कळतंय मला. मी आंधळी होतेय, वेडी नाही. पण तो आत राहिला ना. दार कोण उघडणार त्याच्यासाठी?"

दार उघडणाऱ्याचं काय होतं हे गावात सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे जो तो पुन्हा चपला शोधू लागला. शेवटी म्हातारीच उठली, चादरीशी जाऊन तिने हाताने दाराची कडी शोधली. ती मिळाली नाही. मग परत येऊन बसली आणि कुणाकडेही न पाहता म्हणाली, "मी सांगितलं होतं."

वहबाने इतके दिवस गाढवावर घोकलेलं वाक्य, पण इतकं चांगलं त्याला एकदाही जमलं नव्हतं. तो उठला, आणि बखीतच्या हातातली किटली घेऊन आपल्या मयताची कॉफी त्याने स्वतःच सगळ्यांना वाढली.

चित्रपट उत्तम चालला. एकही पर्यटक मेला नाही, आणि हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. वहबाच्या पाच मरणांबद्दल मादाम इक्बालांच्या कार्यालयात आजतागायत एकही हरकत नोंदली गेलेली नाही. लक्सरमधून नाही, कैरोतून नाही, आणि इतका वेळ त्याची मरणं बोटांवर मोजत बसलेल्या तुमच्याकडूनही नाही. उलट तिसऱ्याला तुम्ही जरासे हसलात. तेव्हा लगेच उठू नका, कॉफी येतेच आहे. साखर मागायची पद्धत नाही. त्याचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो.