शेणव्याचा निळा डाग

"चांगल्या नकाशाला शब्दांची गरज नसते," असे रघुनाथराव परचुरे शहापूरच्या कचेरीत सर्वांना ऐकवीत. भूशास्त्राचे पदवीधर असल्याने पुराव्याखेरीज त्यांचा कशावरही विश्वास नसे. अपवाद स्वतःच्या नकाशांचा. १९३८च्या उन्हाळ्यात शेणव्यासाठी त्यांनी कापडावर नकाशा काढला: मधला ठिपका म्हणजे गाव, निळा डाग म्हणजे पाणी धरणारा मुरूम, बाकी सगळा काळा कातळ. उत्तर माथ्यावर असते हे जगजाहीर. म्हणून दिशेचा बाणही गाळला. निळा डाग ठिपक्याच्या माथ्याशी होता.

पेरणीपूर्वी विहीर झाली नाही, तर गिरजेला आणि गावच्या इतर बायकांना आणखी वर्षभर लांबच्या ओढ्यातून पाणी वाहावे लागणार होते. शेणव्यात वाट सांगणारा आधी पूर्वेला, घाटाकडे तोंड करतो. गिरजेचा नवरा कोंडू यानेही नकाशा पारावर अंथरला, घाटाकडे तोंड केले, नकाशाचा माथाही तिकडेच ठेवला आणि माणसे घेऊन सरळ पुढे गेला. तिथे पहारी वाकल्या.

बातमी पोचताच रघुनाथरावांना घोटाळा कळला. "नकाशा पाव वळसा फिरवा," असा निरोप त्यांनी धाडला. कोणत्या बाजूने, एवढे सांगायचे राहिले. गावाने उजवीकडे फिरवला, आणि उत्तरेचे पाणी दक्षिणेला, थेट कोंडूच्या खळ्यात आले. खळे उखडले, खाली कातळच.

मग रघुनाथराव स्वतः आले आणि पारावर उत्तर दिशेचे विवेचन करू लागले.

"सायेब," गिरजा मध्येच म्हणाली, "पानी हाय कुठं?"

"ठिपक्याच्या उत्तरेस—"

"ठिपका ऱ्हाऊ द्या. तुमी चालत जा नि थांबा तिथं."

ते गेले, थांबले.

"आता हलू नका," कोंडू म्हणाला. "मागं पानी हललं, माजं खळं गेलं."

"पाणी हलले नव्हते. नकाशा हलला."

"म्हून तर तुमाला हलू देत नाय."

रघुनाथराव छत्री धरून उभे राहिले आणि गावाने त्यांच्याभोवती रिंगण आखले. मुरूम लागला, दोन पुरुष खोलीवर पाणी. पहिला तांब्या गिरजेने त्यांच्या हाती दिला. पाणी गढूळ होते, पण निर्विवाद होते.

'नकाशा उपयुक्त ठरला,' असा अहवाल ते लिहीत असतानाच टोकावड्याचा दामू कचेरीत आला. त्याच्याही गावाला विहीर हवी होती. रघुनाथरावांनी उत्साहाने नवे कापड उलगडले.

"कापड नको," दामू म्हणाला. "आमी बैलगाडी आनलीय. उभा ऱ्हानारा सायेब तुमीच ना?"