बखर भागाऊसाहेबांच्या मुखकांतीची

श्रीकुलस्वामिनी जिव्हाग्री वसो, ऐकत्यांस आरोग्य लाभो. शके सोळाशे सत्याहत्तर, युवानाम संवत्सरे, वैशाख मासी वर्तमान घडले ते ऐसे जे, कोण्या एका राज्याचे धनी मोहिमेवर गेले आणि मागे राणी भागाऊसाहेब कारभार पाहू लागल्या, तो त्यांस हिवताप जडला. ताप उतरला, परंतु जाता जाता मुखावरील तजेला घेऊन गेला. डोळे खोल गेले, खाली काळी वर्तुळे आली, गाल बसले. शेजारच्या राजास कुणकुण लागताच त्याने घोड्यांस नाल ठोकविले आणि प्रकृतीचा समाचार घ्यावा या मिषाने वृद्ध वकील त्रिंबकपंत यांस रवाना केले. पंतांनी परतून 'बाई खंगली' म्हणावे की फौज निघणार, हे बाईसाहेबांस न सांगता उमजले. गडावर शिबंदीचे म्हातारे तेवढे उरले होते आणि तोफेत कबुतरांनी घर केले होते.

मग दिवाणजींनी लळितातील सोंगाड्यास आणविले. त्याने बाईसाहेबांचे मुखावर सफेदा थापिला, गालांस हिंगूळ लाविला आणि भुवया धनुष्यासारख्या ओढिल्या. नणंद कमळजाबाई यांनी निरखून पाहिले आणि म्हणाल्या, "वहिनीसाहेब, वकील देवी समजून ओटी भरून नवस बोलेल." बाईसाहेब हसावयास गेल्या तो सफेद्यास भेग पडली. त्यांनी मुख धुतले आणि बोलिल्या, "रंगविलेले तोंड म्हणजे झाकलेले दुखणे, हे पोरही जाणते. मज न रंगविलेले दिसावयाचे आहे."

"मग रंगवू नये," कमळजाबाई म्हणाल्या.

"न रंगविले तर राज्य जाते."

तेव्हा उभयता मुदपाकखान्यात बसल्या आणि मधाच्या पोळ्याचे मेण तिळाच्या तेलात वितळविले आणि किंचित गेरू घालून घोटिले, तो सायीसारखे मऊ मलम झाले. दुसऱ्या वाटीत गेरूऐवजी अभ्रकाची वस्त्रगाळ पूड घातली. प्रथम हात सैल सुटला आणि बाईसाहेबांचा गाल दिवटीसारखा झळकला. मग ते पुसून पापण्यांवर आणि वर्तुळांवर गेरूचे मलम बोटाने ऐसे जिरविले की कड दिसू नये, आणि अभ्रकाचे तेवढे गालाच्या उंचवट्यास आणि डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यास टेकविले. बाईसाहेब सुखे निजून नुकत्याच उठल्या आहेत ऐसे दिसू लागले.

पंत गडावर आले, ते मुरलेले. म्हणाले, "आत उकडते, अंगणात बसावे." बाईसाहेबांनी हेतू ओळखिला, तरी बसल्या. पंतांनी आंब्याची गोष्ट काढिली, मग नातवांची, मग नातवांनी खाल्लेल्या आंब्यांची, आणि सूर्य माथ्यावर आला. परंतु बाईसाहेबांचे मेण ढळले नाही. ढळली ती पंतांची मिशी. काजळाचा ओघळ हनुवटीस पोचला. बाईसाहेबांनी सर्वांस पन्ह्याच्या निमित्ते आत धाडिले आणि आपला रुमाल पुढे केला. "पंत, ओठांखाली."

पंतांनी पुसले, रुमाल पाहिला आणि मान खाली घातली. "आमचे धनी तरुण वकील शोधितात, बाईसाहेब. पांढरी मिशी दिसली की मज घरी बसवितील आणि एखादा उतावळा येथे येईल."

"आणि तुम्ही काय सांगाल?"

"मुखावर उजेड पाहिला, ऐसे सांगेन. उजेडाचे मूळ खणणे वकिलाचे काम नव्हे."

बाईसाहेबांनी मेणात काजळ घोटवून डबी दिधली आणि पंत संतोषाने गेले आणि शेजारची घोडी चरावयास सुटली.

पुढे ज्येष्ठाचे आरंभी धनी परतले, तो बाईसाहेब तेच मलम लावून ओवाळावयास उभ्या राहिल्या. धनी म्हणाले, "आपण आजारी होता ऐसे ऐकिले. मुखावर तर काहीच दिसत नाही." वकिलास फसविताना जी धन्यता वाटली होती ती बाईसाहेबांस येथे काही वाटेना. तबक कमळजाबाईंच्या हाती देऊन त्या आत गेल्या, मुख धुतले आणि तैशाच येऊन पुढे उभ्या राहिल्या. धन्यांनी पाहिले, पगडी उतरून खाली ठेविली आणि हलकेच पुसिले, "फार झाले का?"

"होय," बाईसाहेब म्हणाल्या, "फार झाले," आणि बसून घेतले.

ऐसे वर्तमान. लढाई टळली, पंत आणिक काही वर्षे काळ्या मिशीने वकिली करिते झाले आणि बाईसाहेब पुढे सावकाश बऱ्या झाल्या. जैसे ऐकिले तैसे लिहिले, अधिक-उणे ऐकत्यांनी पोटात घालावे.