ऑक्सिजन सेन्सरची सेवानिवृत्ती

चिपळूणच्या इंदुमती गवाणकर यांच्या एकोणीस वर्षांच्या गाडीतला ऑक्सिजन सेन्सर शुक्रवारी नियत वयोमानाप्रमाणे सेवानिवृत्त झाला. तशी सूचना त्याने महिनाभर आधीच दिली होती. पण डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलेला पाहून इंदुताईंना बरेच वाटले होते. त्या गाडीत काही लागण्याची ती पहिलीच वेळ.

नेमकी शुक्रवारीच पीयूसीची मुदतही संपत होती. सहाच्या आत चाचणी पास झाली नाही तर गाडी भंगारात द्यायची, असा शब्द इंदुताईंनी आपल्या दिराला, यशवंतभावोजींना, दिला होता. भावोजी दुसऱ्याच्या शब्दाला फार जपत. भंगारवाल्याला घेऊन ते चार वाजताच गॅरेजच्या दारात हजर झाले.

दाऊद मिस्त्री नवा सेन्सर घेऊन गाडीखाली शिरले आणि त्यांनी जुन्याला पाना लावला. जुना हलेना. गंजावरचे तेल मारून झाले, पाइप तापवून झाला.

"बाई, हा समारंभाशिवाय सुटायचा नाय," खालून मिस्त्री म्हणाले. "एकोणीस वर्षं धुराचा वास घेतलान. कोणी दखल घेतली काय?"

इंदुताईंना ते पटले. शाल आली, श्रीफळ आले. भावोजींना अध्यक्ष केले, त्यामुळे त्यांना घाई करता येईना. सत्काराला उत्तर देताना सेन्सर पाऊण तास बोलला. सायलेन्सरशी झालेल्या मतभेदांचा उल्लेख आपण मुद्दाम टाळत आहोत, हे त्याने तीनदा सांगितले. टाळ्या पडल्या आणि तो दोन बोटांनी सुटला.

साडेपाचला नवा रुजू झाला. मिस्त्रींनी इंजिन तापवून त्याला मीटरच्या वायरी जोडल्या. काटा मधोमध उभा राहिला तो राहिलाच.

"अहो, धुरात ऑक्सिजन जास्त आहे की कमी, एवढंच सांगायचं," इंदुताई म्हणाल्या.

"तपासून कळवतो," नवा म्हणाला.

"कधी?"

"प्रकरण विचाराधीन आहे."

"वहिनी, शब्द लक्षात आहे ना?" अध्यक्षस्थानावरून भावोजी म्हणाले. भंगारवाला गाडी ओढायचा दोर सोडू लागला.

मिस्त्रींनी जुन्यापुढे हात जोडले. "साहेब, जरा चार्ज देऊन जावा."

जुन्याला शालीसकट पाइपाजवळ नेण्यात आले. "हे बघा," तो नव्याला म्हणाला, "एकदा जास्त म्हणायचं, लगेच कमी म्हणायचं, पुन्हा जास्त. सेकंदाला एकदा तरी मत बदलायचं. एका मतावर ठाम राहिलात की तुम्ही बिघडलात असं इंजिनाच्या कॉम्प्युटरातले वरचे समजतात."

"आणि खरं काय ते?"

"दोन्ही खरं. आपण जास्त म्हटलं की ते पेट्रोल वाढवतात, मग कमी होतं. कमी म्हटलं की उलट. एकोणीस वर्षं एवढंच केलं."

नव्याच्या डोक्यावरचे ओझे उतरले. काटा एका टोकाला गेला, परतला, पुन्हा गेला आणि मग फुगडी घातल्यासारखा नाचू लागला. इंजिनाचा खोकला थांबला. शेजारच्या पीयूसीवाल्याने सहाला तीन मिनिटे असताना पासचा कागद इंदुताईंच्या हातात ठेवला.

"मग मी काय रिकामा जाऊ?" भंगारवाल्याने विचारले. त्याची नजर फिरत फिरत जुन्या सेन्सरवर थांबली.

"सेवानिवृत्तांना भंगारात देत नाहीत," इंदुताई म्हणाल्या. त्यांनी जुन्याला पुढच्या सीटवर बसवून पट्टा लावला. "भावोजी, तुम्ही मागे बसा."

अध्यक्ष मागे बसले.