कंपनीच्या पत्र्यावरचे दात

आधीच माफी मागतो. एखाद्या माणसाविषयी लिहून ते लोकांपुढे ठेवायचं, हे धाडस माझ्यासारख्याने करावं की नाही, याची मला अजून खात्री नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. मीही वर्गात दाराजवळच्या बाकावर बसतो. कोणी ऊठ म्हणालं तर निघायला सोयीचं पडावं म्हणून. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते माझ्या वडिलांच्या वयाचे. काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

तर, नामदेवकाका स्वतःचे दात ग्रीसमध्ये ठेवत असत.

वरचे, समोरचे चार. तंबाखूच्या पत्र्याच्या डबीत, मशीनला लावतात त्या पिवळ्या ग्रीसमध्ये बुडवलेले. दर रविवारी अंघोळ झाली की ते ओट्यावर बसून डबी उघडत, एकेक दात चिंधीने पुसत, उजेडाकडे धरून बघत आणि नवं ग्रीस घालून पुन्हा ठेवून देत. माझी आई तोंड फिरवून आत जायची. काका म्हणायचे, "वहिनी, वरिजनल पार्ट हाय. वरिजनल पार्ट कुनी फेकतं का?"

आकुर्डीला रेल्वेलाइनच्या अलीकडे पत्र्याच्या खोल्यांची एक रांग आहे. तिथे आम्ही राहतो, आणि शेजारच्या खोलीत काका राहायचे. माझे वडील एका कंपनीच्या कँटीनमध्ये आचारी. काका दुसऱ्या एका कंपनीत ठेकेदाराकडून लागलेले. मोठमोठी मशिनं बसवायची त्यांची टोळी होती. मराठवाड्यात दुष्काळ पडला तेव्हा ते बायको आणि मुलीला मेव्हण्याच्या घरी ठेवून इकडे आले. "परमनंट झालो की त्यांना आनतो," असं पहिल्या दिवशी म्हणाले होते, आणि मी त्यांना ओळखत होतो तोवर म्हणतच होते.

परमनंट होणं म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. पण बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. ठेकेदाराच्या माणसाला कंपनी ठरावीक मुदत भरू देत नाही. मुदत भरत आली की ब्रेक देतात. काही दिवस घरी बसायचं, मग पुन्हा यायचं, आणि येताना हजेरीपटावर नवं नाव घ्यायचं. जुनं नाव तेच राहिलं तर माणूस हक्क सांगेल ना! त्यामुळे काका आमच्याकडे नामदेव होते, कंपनीत आधी किसन होते, मग महादू होते. प्रत्येक ब्रेकनंतर माझे वडील मोठ्या आदराने विचारायचे, "मग, या खेपेला काय नाव ठेवलं?"

"दत्तू," काका सांगायचे. "बारसं झालं. घुगऱ्या तेवढ्या न्हाई वाटल्या."

दात गेले ते कंपनीतच. मशीन उचलताना साखळीचा हूक सुटला आणि तोंडावर आला. ठेकेदाराने रिक्षात घातलं आणि वाटेतच पढवलं, की नळावर पाय घसरला म्हणून सांगायचं. "तोंड बंद ठेव, पुढच्या यादीत तुला परमनंट करतो." काकांनी तोंड बंद ठेवलं. "त्याला दात लागत न्हाईत," एवढंच म्हणायचे. तेव्हापासून बोलताना त्यांचा डावा हात ओठांवर असे. जेवतानाही भिंतीकडे तोंड. कंपनीतल्या कोणालाही त्यांनी त्यानंतर हसून दाखवलं नाही. अर्थात तसा प्रसंगही कंपनीने आणला नाही.

एकदा मला म्हणाले, "कॉलेज, रिकामा हायेस का?" मला ते कधी नावाने हाक मारत नसत. "दाताच्या डाक्टरकडं जायचंय. विंग्रजीत काय बोलला तर तू बघ."

पिंपरीला बाजारात एका दुकानावर जिना चढून दवाखाना होता. डॉक्टर तरुण होते. त्यांनी काकांना खुर्चीवर बसवलं, तोंडात बघितलं. मग काकांनी डबी काढून त्यांच्या हातात दिली.

"हे काय आहे?"

"वरिजनल हायेत सायेब. चारीच्या चारी. गंजू दिले न्हाईत."

डॉक्टरांनी वास घेतला. "ग्रीस?"

"कंपनीचंच हाय. चांगलं हाय."

डॉक्टर मला म्हणाले, "हे सीरियस आहेत का?" एवढं इंग्रजी मला आलं. मी हो म्हणालो.

मग डॉक्टरांनी सावकाश समजावलं. हे दात आता मेले. यांचा उपयोग नाही. कवळी करून देतो. रात्री झोपताना काढायची आणि पाण्यात ठेवायची.

"रोज काढायची?"

"रोज."

"आन् सकाळी पुन्हा लावायची?"

"हो."

"म्हंजे टेम्पररी," काका म्हणाले. "रोज ब्रेक."

डॉक्टरांना काही कळलं नाही. काका खुर्चीत सरळ बसले आणि त्यांना मशीन कसं बसवतात ते सांगू लागले. आधी खड्डा खणायचा, त्यात बोल्ट उभे करायचे, सिमेंट ओतायचं, ते मुरू द्यायचं, मग वर मशीन ठेवून नट आवळायचे. भूकंप झाला तरी हलत नाही. "तसं करा की सायेब. जबड्यात बोल्ट ठोका, वर दात बसवा. मी कळ काढतो."

डॉक्टर खूप हसले. हसणं थांबल्यावर माणूस जरा दयाळू होतो, तसे म्हणाले, "परदेशात असं काहीतरी करून बघतायत म्हणे. हाडातच स्क्रू बसवतात. आपल्याकडे कधी येईल कोण जाणे!"

ते असं बोलले नसते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून काका रोज संध्याकाळी आमच्या दारात येऊन विचारायचे, "कॉलेज, पेपरात आलं का?" मी नाही म्हणायचो. "येईल. लेथ आला, प्रेस आला, परदेशातून सगळं इकडंच येतं. दात बी येतील." निगडीहून मोशीपर्यंत खोल्याखोल्यांतून त्यांची ही गोष्ट पसरली होती. पोरं हाक मारायची, "ओ दातवाले, बोल्ट आला का?" माझे वडीलसुद्धा एकदा कावले. "नामदेव, एवढी का अढी? कवळी लाव आणि एकदा गावाकडे जाऊन ये. किती दिवस झाले पोरीला बघून?"

"कवळी ठेकेदाराची असती, दादा," काका म्हणाले. "दिवस मावळला की गेटाभाईर."

आम्हाला वाटायचं की तो हट्ट आहे. खरं कारण माझ्या धाकट्या बहिणीमुळे कळलं. तिचा पुढचा दात पडला. आईने तो शेणाच्या गोळीत घातला आणि तिला पत्र्यावर भिरकावायला सांगितला. उंदीरमामाने नेला की नवा येतो. बहिणीने गोळी फेकली, ती पत्र्यावर टणकन वाजली. काका ओट्यावर होते. ते बराच वेळ वर बघत राहिले.

"आमच्या कुसमीचे बी असेच पडले होते," ते म्हणाले. हूक लागल्यानंतर ते एकदाच गावाला गेले होते. तेव्हा कुसुम सात वर्षांची, तिचेही समोरचे दात गेलेले, आणि पोरं चिडवतात म्हणून ती घराबाहेर जाईना. "मी तोंड उघडून दावलं. म्हनलं, बघ, बापाचे बी पडलेत. तू तुझे माळवदावर टाक. मी माझे कंपनीच्या पत्र्यावर टाकलेत. दोघांचे संगंच येतील. मग लेकरू हसलं. माझ्या तोंडात बोट घालून बघायचं रोज, आले का मनून."

"मग?" आईने विचारलं.

"तिचे आले आसतील आता. मागं गावचा एक जन भेटला, त्याच्याजवळ निरोप धाडला, माझे बी आले मनून सांग. चांगले आलेत, नवे कोरे. तर आता तसंच कसं जावं? आन् कवळी रात्री काढून वाटीत ठेवली तर लेकरू बघंलच की."

काकांनी डबीचं झाकण लावलं. "कंपनीच्या पत्र्यावर टाकलेलं कायबी उगवत न्हाई," ते म्हणाले आणि आत गेले.

यानंतर पुढची यादी लागली. तीत दत्तू नव्हता, महादू नव्हता, किसनही नव्हता. नामदेव असण्याचा प्रश्नच नव्हता.

आता शेवटचं. उन्हाळ्याचे दिवस होते. परीक्षा देऊन मी बसमधून उतरलो, तर काकांच्या कंपनीच्या गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर पहिली पाळी सुटलेली माणसं बसली होती. काका एका टोकाला होते, तोंडावर हात. मला बघून त्यांनी सरकून जागा दिली. गेटावरचा म्हातारा वॉचमन गोष्ट सांगत होता. हा इथलाच, याची जमीन याच कंपनीत गेलेली. गोष्टी सांगण्यात पटाईत.

"आरं, गेटावर काय काय येडी येत्यात! हिवाळ्यात ऊसतोडीची टोळी आलती ना हिकडं, त्यातला एक बाबा आला. संगं त्याची भाची, धा-आकरा वर्साची पोर. म्हनं नामदेव कुटं हाय? म्या म्हनलं, हितं नामदेव कोन न्हाई. हजेरी बघितली, खरंच न्हाई. तो बाबा गप निगाला, पर पोर लई चिवट. म्हनली, आवो, माज्या बापाला तुमी वळखत आसाल, त्याला म्होरचे दात नवे आलेत. मोट्या मान्साला नवे दात! म्हनली, या पत्र्यावर टाकलते, मंग आले."

टपरीवर सगळे हसले.

"म्या म्हनलं, बये, समद्या कंपनीत दातावरनं वळखू येतो असा एकच गडी हाय, आन् त्याला तर म्होरचे दातच न्हाईत. त्यो आमचा दत्तू, सध्या रातपाळीला येतो. तुजा बाप न्हवं त्यो. तरी सांजंपत्तूर हितं पत्र्याकडं बघत बसलीवती. मंग मामानं हाताला धरून न्हेली. ऊस संपला, गेली आसंल टोळी आपल्या मुलखाला."

मी काकांकडे बघू शकलो नाही. बाकडं हललं, म्हणजे ते उठले असावेत. ते वॉचमनसमोर जाऊन उभे राहिले. त्यांनी तोंडावरचा हात खाली घेतला. इतक्या माणसांत मी प्रथमच त्यांचं उघडं तोंड बघितलं. बहुतेक सगळ्यांनीच.

"काय रं दत्तू?" वॉचमन म्हणाला.

"त्या पोरीचे दात," काकांनी विचारलं, "आले होते का?"

वॉचमनला आता हसू येईना. त्याने काकांच्या तोंडाकडे पाहिलं, मग गेटाकडे, जिथे ती बसली होती त्या जागेकडे.

"आलेवते की," तो हळू म्हणाला. "चांगले मोटे आलेवते. जरा म्होरं आलेत. तुजे व्हते तसलेच आसत्याल."